गुप्ते सरांचं मत

गुप्ते सर पहिल्यांदा मेले ते सोमवारी सकाळी, पोहे व्हायच्या आधी.

मेले म्हणजे मोबाइलमध्ये मेले. पण अपमान व्हायचा तो खराच झाला. नदीकाठी उभं राहून ते ओंजळभर पाणी प्यायले, पडदा हिरवट झाला आणि त्यावर अक्षरं उमटली : 'तुमचे निधन झाले आहे. पुन्हा प्रयत्न करा.'

तेहतीस वर्षं पोलादपूरच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला मरणाचं एवढं काही वाटलं नाही. 'पुन्हा प्रयत्न करा'चं वाटलं. निधनाचा पुन्हा प्रयत्न कसा करायचा असतो? शिवाय निधन थोरामोठ्यांचं होतं. गढूळ पाणी पिऊन काठावर आडवा झालेला माणूस नुसता मरतो. सरांनी वही उघडली, लाल पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं : चूक क्रमांक एक.

"अहो, पोहे," चारुशीलाबाई आतून म्हणाल्या.

"थांब. मी आत्ताच गेलोय."

"बसलाय तर इथंच. गेलाय कुठे?"

सरांनी 'पुन्हा प्रयत्न करा'वर बोट दाबलं.

झालं होतं असं, की आदल्या दिवशी पुण्याहून महाडच्या घरी वल्लरीचा फोन आला होता. वल्लरी ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती ज्या कंपनीत काम करते तिनं 'अंतानंतर' नावाचा एक खेळ काढलाय. फुकट आहे. जग बुडालेलं असतं, उरलेल्या माणसांनी लाकूडफाटा, पाणी, अन्न गोळा करून तगून राहायचं. एका वेळी हजारो माणसं खेळतात. त्यांतली काही मदत करतात आणि बाकीची कुऱ्हाड घेऊन अंगावर येतात. या खेळाचं मराठी करायचं काम वल्लरीच्या विभागाकडे होतं. विभाग म्हणजे ती आणि आणखी दोघं. चाळीस हजार वाक्यं आधी यंत्रानं मराठीत आणून टाकली, मग या तिघांनी ती आठ आठवड्यांत माणसात आणायची होती. ती काही सगळी आली नाहीत. खेळणाऱ्यांनी मतं द्यायला सुरुवात केली आणि तारे कोसळले. पाचापैकी दोन पूर्णांक नऊ दशांश.

"महिनाअखेर तीनच्या वर गेलं नाही तर मराठी बंद करणार आहेत बाबा," वल्लरी म्हणाली होती. "म्हणजे आम्हीही बंद."

"मग मी मत देतो," सर म्हणाले.

"नको हो. मत द्यायला आधी खेळात सलग सात दिवस जिवंत राहावं लागतं. खेळातला एक दिवस चाळीस मिनिटांचा. तुम्हाला नाही जमणार."

हे शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं. 'तुम्हाला नाही जमणार' असं सरांना एकदा शिक्षणाधिकारी म्हणाले होते, तेव्हा सरांनी दोनशे पटाच्या शाळेत एकट्यानं शुद्धलेखन सप्ताह पार पाडला होता. सप्ताह अकरा दिवस चालला.

सुरुवात नाव नोंदवण्यापासूनच वाईट झाली. नावाला आठच चिन्हांची जागा होती. सरांनी आपलं नाव संपूर्ण लिहिलं आणि यंत्रानं ते मोजून तोडलं. 'शरच्चंद्' एवढंच राहिलं. शेवटचा र गेला आणि द लंगडा झाला. हे बदलून मिळावं म्हणून सरांनी मदत केंद्राला सविनय पत्र लिहिलं. उत्तर आलं : 'आपली तक्रार मृत्यू व इतर या विभागाकडे वर्ग केली आहे.' तिथून पुढे काही कळलं नाही.

मंगळवारी सर तीनदा मेले. एकदा थंडीनं, पडद्यावर 'तुम्ही थंड आहात' असं येत होतं आणि सरांना ते आपल्या स्वभावाचं कौतुक वाटलं. एकदा उपासमारीनं. त्याला कारण असं झालं, की वाटेत 'तुम्हाला एक शकतो सापडला' अशी सूचना आली आणि सर तो शकतो काय असेल याचा विचार करत उभे राहिले. अर्ध्या तासानं उलगडा झाला. इंग्रजीतला कॅन, म्हणजे डबा; यंत्राला दुसरा कॅन आठवला होता. गंजलेला शकतो, फुटका शकतो, मटाराचा शकतो. पण तोवर सर भुकेनं कोसळले होते. वहीत चुका एकोणतीस झाल्या.

तिसऱ्यांदा मात्र त्यांनी झोपडी बांधली. चांगली बांधली. दार बसवलं. चारुशीलाबाईंना बोलावून दाखवली.

बनुबाई तेवढ्यात भाजीची पाटी घेऊन जिना चढून आली. तुडीलहून ती एक दिवसाआड येते. सरांच्या खांद्यावरून तिनं मोबाइलमध्ये पाहिलं.

"सर, ह्यो पाण्याचा पट्टा काय हाय?"

"नदी."

"नि घर तिच्या काठाला?" बनुबाईनं पाटी खाली ठेवली. "अवो, जन्म म्हाडात काढलात. एकवीस साली वैनींचं कपाट पाण्यात तरंगताना ह्याच डोल्यांनी बगितलं मी. नि परत काठालाच? डोंगरावर नाय का जागा?"

"हा खेळ आहे बनुबाई."

"पाण्याला काय ठावं, ह्यो खेल हाय का काय हाय."

ती मेथीची जुडी ठेवून वळली आणि खेळात आभाळ भरून आलं. चार मिनिटांत झोपडी गेली, सर गेले. चारुशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय हे सरांनी पाहिलं नाही, कारण त्यांना पाहायचं नव्हतं.

बुधवारी सकाळी सर डोंगराकडे निघाले. वाटेत 'वाघीण ०७' नावाचं कोणीतरी समोरून धावत आलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं दिसलं : 'पळा पळा तूमच्या पाठिमागे मुडदा आहे'

सरांनी थांबून उत्तर लिहिलं : 'तुमच्या मधला तु ऱ्हस्व. पाठीमागे मधला ठी दीर्घ. पळा नंतर स्वल्पविराम.'

स्वल्पविरामाच्या सुमारास मुडद्यानं, म्हणजे खेळात हिंडणाऱ्या चालत्या प्रेतानं, त्यांना गाठलं. पण पडदा काळा होण्याआधी समोरून आलेला मजकूर त्यांना वाचता आला : 'गुप्ते सर???'

पुन्हा जिवंत झाल्याबरोबर सरांनी लिहिलं : 'एकच प्रश्नचिन्ह पुरे. कोण?'

ती दीक्षा निघाली. पोलादपूरला एका दवाखान्यात औषधं देते. सरांच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची. खेळात मात्र ती एकशे दहा दिवस जिवंत होती. डोंगराच्या माथ्यावर तिचं दगडी घर होतं, मागे पावसाच्या पाण्याचं टाकं होतं आणि कोठीत दोनशे शकतो होते. सरांनी फोन करून सगळी हकिगत सांगितली. वल्लरीचं नाव काढताना त्यांचा आवाज जरा खाली आला.

"सर, तुम्ही उद्या इथंच या," दीक्षा म्हणाली. "शेजारी मुरारीच्या दुकानात वायफाय हाय. समोरासमोर बसून खेळलो तर सात दिवस कायपण नाय. माझा डॉक्टर खेडला गेलाय, दवाखाना बंदच हाय."

गुरुवारी सकाळी साडेनऊला सर एसटीनं पोलादपूरला उतरले, तर स्टँडवर जत्रा. कशेडी घाटाच्या अलीकडे दरड आली होती. खेड, चिपळूण, गुहागरच्या गाड्या एकामागे एक लागलेल्या आणि उतारू हातात मोबाइल घेऊन पायऱ्यांवर बसलेले.

मुरारीचं दुकान स्टँडला लागूनच आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील. पण मुरारीचा खरा धंदा म्हणजे निवडणूक. ग्रामपंचायतीपासून वरपर्यंत कोणाचीही असो, बूथवर मुरारी असतोच. दीक्षानं त्याला कालच सगळं सांगितलं होतं, पण त्याच्या डोक्यात त्यातला एकच शब्द गेला होता.

"सर," खुर्ची पुसत मुरारी म्हणाला, "किती मतं पायजेत?"

"मत म्हणजे अभिप्राय, मुरारी."

"त्येच. आपल्या ताईची शीट धोक्यात हाय ना? मग एका मतानं काय व्हतंय? भायेर बगा. अख्खा मतदारसंघ बसलाय. घाट दुपारपर्यंत सुटत नाय."

"ही फसवणूक होईल."

"फसवणूक कशी? सात दिवस जगायचं, मग मत द्यायचं. नियमातच हाय."

यात नियमभंग नेमका कुठे होतो ते सरांना सांगता येईना. प्रत्येकानं खेळावं, प्रत्येकानं आपलं खरं मत द्यावं, यात वाईट काय? असं त्यांनी मनाला समजावलं. मनही त्या दिवशी फार चिकित्सक नव्हतं, कारण त्याला सारखी वल्लरी दिसत होती.

साडेदहा वाजता बत्तीस माणसं अंतानंतरच्या जगात अवतरली. दुकानात बारा, पायऱ्यांवर दहा, बाकीची उसाच्या गुऱ्हाळाच्या बाकड्यांवर. मुरारीनं पाच एक्स्टेंशन बोर्ड लावून सगळ्यांचे मोबाइल चार्जिंगला टाकले. दीक्षानं एकेकाला धरून डोंगरावर आणलं. आत आलेल्यानं आतच बसायचं, कशाला हात लावायचा नाही, एवढंच काम. जेवण-पाणी सर आणि दीक्षा बघणार.

पण चार भिंतींत बत्तीस मराठी माणसं कोंबली की जे होतं ते जग बुडाल्यावरही चुकत नाही. पहिल्या दिवशी खिडकीजवळच्या जागेवरून भांडण झालं. दुसऱ्या दिवशी चिपळूणच्या एका काकूंनी लिहून कळवलं की आमच्याकडे मटाराचा शकतो कुणी खात नाही. तिसऱ्या दिवशी भरण्याच्या नाक्याचे एक निवृत्त तलाठी 'जरा बाहेर काय चाललंय बघतो' म्हणून दार उघडून उभे राहिले आणि दोन मुडदे आत आले. दीक्षानं ते कुऱ्हाडीनं आडवे केले. तलाठ्यांनी विचारलं, पंचनामा कोण करणार?

तेव्हा सर उठले. वर्गात उठायचे तसे. दुकानात, पायऱ्यांवर आणि गुऱ्हाळात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हजेरी घेतो. नाव पुकारल्यावर 'हजर' म्हणायचं. दाराला हात लावणाऱ्याला पाणी बंद."

बत्तीसही आवाज गप्प झाले. चौथा, पाचवा, सहावा दिवस सरांनी हजेरीवर काढला. पाण्याला स्वतः खाली उतरले, लाकडं स्वतः तोडली. एकदा कुऱ्हाडवाले तिघं चाल करून आले तर सरांनी त्यांना इतकं सविस्तर लिहून विचारलं, की आपण कोठून आलात, कोणत्या हेतूने आलात, की ते वाचेपर्यंत दीक्षा मागून पोचली. सरांच्या शर्टाची पाठ घामानं भिजली होती. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी आपण एवढ्या माणसांचे पोशिंदे होऊ असं त्यांना वाटलं नव्हतं.

तीन वाजता, सातव्या दिवसाची दहा मिनिटं उरली असताना, तेजश्री नावाची खाकीतली कंडक्टर दुकानाच्या दारात आली.

"चला, चला! घाट सुटला! खेड-चिपळूण!"

कोणी हललं नाही.

"अहो, सकाळपासून डोकं खाल्लंत, गाडी कधी, गाडी कधी. आता सुटत्ये तर उठा ना!"

"दहा मिनटं थांबा ताई," तलाठी मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले. "आमचा सातवा दिवस हाय."

तेजश्रीचा चेहरा पडला. तिनं शिट्टी खाली घेतली. "अरेरे. कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," सर म्हणाले. "दार लावून घ्या."

ती आत आली आणि खरोखरच दार लावून उभी राहिली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तीन वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर उजाडलं आणि तेहतीस मोबाइलांवर एकदम आलं : 'तुम्ही सात दिवस जिवंत आहात. आता तुम्ही मत देऊ शकता.' दुकानात टाळ्या पडल्या. काकूंनी दीक्षाला जवळ घेतलं. दीक्षानं आपलं मत मागेच देऊन टाकलं होतं, त्यामुळे ती नुसतीच हसत उभी राहिली.

सर एका कोपऱ्यात बसले. पाच रिकामे तारे समोर होते. बोट पाचव्यावर गेलं. त्यावर दाबलं की झालं. बोट दाबेना. शकतो आठवला. दोनशे मुलांच्या वह्या तपासताना ज्या मुलाच्या घरची परिस्थिती माहीत होती, त्यालाही सरांनी न कमावलेला गुण दिला नव्हता. त्याला शाळा सुटल्यावर थांबवून शिकवलं होतं. त्यांनी चौथ्यावर बोट नेलं. मग तिसऱ्यावर. तीन तारे दिले आणि लिहायला लागले. खेळ कसा आहे, त्यात आपण कितीदा आणि कशाकशानं मेलो, पाणी उकळल्याशिवाय का पिऊ नये, घर नदीकाठी का बांधू नये. आणि मग वहीतल्या चौसष्ट चुका, जागा आणि दुरुस्तीसकट. लिहिता लिहिता पाचची गाडी लागली. मागे मुरारी काय करत होता याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

घरी चारुशीलाबाईंनी दारातच विचारलं, "किती दिलेत?"

"तीन."

"स्वतःच्या मुलीला तीन?"

"मुलीला नाही. खेळाला."

"तिचा जीव त्याच खेळात अडकलाय, आणि तुम्ही तिथं पेपर तपासत बसलात," असं म्हणून त्या आत गेल्या. आमटी वाढली, पण वाढण्याचा आवाज वेगळा होता.

शुक्रवारी दुपारी वल्लरीचा फोन आला. आवाज कोरडा होता.

"बाबा, पोलादपूरच्या एकाच वायफायवरून बत्तीस मतं आल्येत. पाच-पाच तारे. सगळ्यांत एकच वाक्य : 'आतिशय सुंदर खेळ, मराठी तर आतिशयच सुंदर.' अतिशयला काना, बत्तीस वेळा. सगळी खोटी म्हणून काढून टाकली. आणि माझं गाव महाड आहे हे साहेबांना माहीत आहे. त्यांनी मला विचारलं, हे तू केलंस का?"

सरांच्या डोळ्यांपुढे मुरारी उभा राहिला. दुकानातल्या फळ्यावर मतांचा मजकूर लिहून देणारा मुरारी. 'अतिशय' त्याला सातवीतही कधी लिहिता आलं नव्हतं.

"तू काही बोलू नकोस," सर म्हणाले. "तुझ्या साहेबांना फोन दे."

"बाबा, नको ना—"

"दे म्हटलं ना."

साहेब मराठीच होते. सर उभं राहून बोलले. "त्या बत्तीस जणांना मी जेवू घातलं. खोटी माणसं नव्हती ती, सात दिवस माझ्या हजेरीत होती. पण वाक्य त्यांचं नव्हतं, हे मला कळायला हवं होतं. माझ्या मुलीला यातलं काहीही ठाऊक नाही. शिक्षा मला करा. माझंही मत काढून टाका."

पलीकडे कळफलकाचा आवाज झाला.

"शरच्चंद् म्हणजे तुम्ही?" साहेब म्हणाले. "तुमचं मत आम्ही काढलं नाही. कालपासून चार हजार लोकांनी त्याला 'उपयुक्त' म्हटलंय. लोक ते वाचून खेळायला येतायत. माझी आई खेळत नाही, तिनंही वाचलं. तुम्ही वल्लरीचे वडील आहात?"

"आहे. म्हणूनच तीन दिले. खरे अडीच होते. अर्ध्या ताऱ्याची तुमच्याकडे सोय नाही."

साहेब हसले की खोकले ते कळलं नाही. पण सोमवारी कळलं, की मराठी बंद करायचा निर्णय तीन महिने पुढे ढकललाय आणि सरांची चौसष्ट चुकांची यादी दुरुस्तीला वल्लरीच्याच टेबलावर आली आहे.

"बाबा," नेहमीसारखा रात्री नव्हे, भर दुपारी, जेवणाच्या सुटीत तिनं फोन केला. "त्यातल्या एकोणीस चुका यंत्राच्या नव्हत्या. माझ्या होत्या."

"ठाऊक आहे. 'आणि' दीर्घ कोण लिहितं ते मी दुसरीपासून बघतोय."

"मग नावानिशी का नाही लिहिलंत?"

"घरी सांगायच्या गोष्टी घरी सांगतो मी," सर म्हणाले.

पावसाळा सरता सरता नवी आवृत्ती आली. शकतोचे डबे झाले होते. मात्र नव्या आवृत्तीत सगळ्यांना पहिल्या दिवसापासून सुरुवात करायची होती. दीक्षाचं दगडी घर, टाकं, कोठी, सगळं गेलं होतं. आधी दिलेलं मत सुधारता येणार होतं, पण पुन्हा सात दिवस जिवंत राहिल्यावर.

रविवारी सकाळी सरांनी अंघोळ करून चष्मा पुसला, वही-पेन घेतलं आणि झोपाळ्यावर बसले. खेळात ते एका उघड्या माळावर उभे होते. हातात काही नव्हतं. त्यांनी डोंगराकडे तोंड केलं आणि चालायला लागले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून चारुशीलाबाई आल्या. हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि आपला मोबाइल घेऊन झोपाळ्याशी उभ्या राहिल्या. त्यावर तोच माळ होता, आणि सरांच्या मागे दहा पावलांवर, हातात कुऱ्हाड घेतलेली एक बाई.

"अहो, सरका जरा," त्या म्हणाल्या. "या घरात माझंही एक मत आहे."